वेस, तलाव, चमन, छावणी

जालन्यात बघण्यासारखं काही नाही, हे पाहुण्याला आधी जालनेकरच सांगून टाकतो. वेरूळ-अजिंठा तिकडं संभाजीनगरला, लोणारचं सरोवर पलीकडं बुलढाण्यात. आमच्याकडं काय, सळई, सरकी आणि बियाणं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला जावयानं विचारलं, "मामा, इथं फिरायला कुठं जायचं?" तर माझ्या तोंडून निघालं, "राजूरचा गणपती." म्हणजे विचारलं गावातलं आणि सांगितलं गावाबाहेरचं. रात्री अंथरुणावर पडल्यावर माझं मलाच वाईट वाटलं.

कारण हे गाव माझ्याइतकं पायाखालून कुणी बघितलेलं नसेल. नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात मी ३४ वर्षं काढली. कागदावर 'व्हॉल्व्हमन', लोकांच्या तोंडी 'वॉलमन', आणि लेकराबाळांना 'पाणी सोडणारे काका'. हातात छातीएवढी उंच लोखंडी चावी, टी-आकाराची. पहाटे चार वाजता सायकलच्या दांडीला ती बांधून निघायचं, खड्ड्यावरचं झाकण उचलायचं, चावी खाली सोडायची आणि मोजून आटे फिरवायचे. एका गल्लीला पाणी सुटलं की तिथंच कट्ट्यावर बसून राहायचं, कारण वेळेआधी पुढं गेलो तर खालच्या अंगाच्या बाया अडवायच्या. या बसण्यामुळं मला इतिहास कळला. जुन्या जालन्यात हायस्कूलचे एक इतिहासाचे सर राहायचे. त्यांच्या गल्लीत पाऊण तास पाणी. तेवढ्या वेळात सर चहा पाजायचे आणि गॅझेटिअरातलं एखादं पान मराठीत करून सांगायचे. त्यांना ऐकायला माणूस हवा होता आणि मला चहा.

तर आधी एक घोळ मिटवून टाकू. जालना हे एक गाव नाही, दोन आहेत. मध्ये कुंडलिका. ही नदी पुढं दुधनेला मिळते, दुधना पूर्णेला आणि पूर्णा गोदावरीला. एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला नवा. आता 'नवा' म्हटल्यावर बाहेरच्याला वाटतं, कॉलन्या असतील. नवा जालना म्हणजे मूळचं काद्राबाद. व्यापाऱ्यांची पेठ, भोवती तट, तटाला वेशी. तट पडून गेला, दगड लोकांच्या घरांत गेले, वेशींपैकी दोन-तीन नावांनिशी टिकल्या. मूर्तीवेस आहे, हैदराबाद दरवाजा गॅझेटिअरात आहे, पाणीवेस तर बोलण्यात रोजच आहे. तेव्हा इथला 'नवा' हा शब्द शे-दोनशे वर्षांचा जुना झालेला आहे. जुन्या जालन्याची मुलगी नव्या जालन्यात दिली तर आमची आजी म्हणायची, "लेक नदीपल्याड दिली." लोखंडी पुलावरून चालत दहा मिनिटं!

गावाच्या नावाच्या दोन गोष्टी सांगतात. एक म्हणजे हे पूर्वीचं जनकपूर, सीतामाई काही काळ इथं राहिली. दुसरी म्हणजे इथं एक श्रीमंत मुसलमान व्यापारी होता, जातीनं जुलाहा, म्हणजे विणकर. गावावर त्याचे फार उपकार, म्हणून जुलाह्याचं जालना. माझा कल दुसरीकडं. राजाराण्यांच्या नावानं वसलेली गावं पैशाला पासरी, पण विणकराच्या नावानं वसलेलं गाव मला तरी दुसरं माहीत नाही.

आता मोती तलाव. इथं मी जरा बसणार आहे, चावी बाजूला ठेवून.

अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळात जमशेदखान नावाचा अंमलदार जालन्यात होता. (अहमदनगरची निजामशाही वेगळी आणि हैदराबादचा निजाम वेगळा, मध्ये पाऊणशेच्या वर वर्षांचं अंतर आहे. हे इथं लिहून ठेवतो, कारण परवा एका शिकलेल्या माणसानं दोन्ही एकच केले.) या जमशेदखानानं काळी मशीद बांधली, तिला लागून हमाम आणि सराई. आणि गावाच्या पश्चिमेला मोठा तलाव बांधला, तो मोती तलाव. एवढ्यावर थांबला असता तर तो चार अंमलदारांतला एक. पण त्यानं तलावातून गावात जमिनीखालून नळ आणले. नळाचं पाणी हौदांत पडायचं, आणि त्यातला सगळ्यात मोठा हौद सराईच्या चौकात होता. भरभराटीच्या दिवसांत गावाला मोती तलाव धरून पाच तलाव होते, असं गॅझेटिअर सांगतं.

सरांनी हे वाचून दाखवलं तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला. म्हणजे आमचंच काम! तलाव वर, गाव खाली, मध्ये उतार, आणि उतारावर नळ. पंप नाही, वीज नाही. पाण्याला नुसती वाट करून द्यायची, बाकीचं ते बघून घेतं. औरंगाबादेत मलिक अंबरानं नहर केली तिचं कौतुक सगळीकडं चालतं, आणि चालायलाच हवं. तिथं पाणचक्की आहे, तिकीट आहे, फोटो काढतात. आमच्या जमशेदखानाचं काम त्याच मातीतलं, पण ते दिसत नाही. मातीखालच्या कामाचा फोटो कोण काढणार?

सराईच्या चौकात हौद का, हा प्रश्न मी सरांना विचारला होता. ते म्हणाले, तूच सांग. मी सांगितलं ते असं: सराईत उतरतो तो व्यापारी. त्याच्याबरोबर बैल, घोडे, उंट. माणसाला घागर पुरते, जनावराला हौद लागतो. ज्या गावात जनावराला पाणी आहे तिथं तांडा मुक्काम करतो, जिथं मुक्काम तिथं सौदा, आणि सौदा झाला की जकात. हमामाचंही तेच, पंधरा दिवस धुळीत चाललेल्या माणसाला गरम पाण्यानं अंघोळ मिळाली की तो त्या गावाचं नाव काढतो. सर हसले, म्हणाले, "पुस्तकात हे लिहिलेलं नाही, पण खोडताही यायचं नाही." मला तेवढं प्रमाणपत्र पुरे आहे.

गाव सुखवस्तू असलं पाहिजे, कारण पुढं बडे लोक इथं राहायला येत गेले. अकबराचा अबुल फजल, 'अकबरनामा' लिहिणारा, त्याला दख्खनेत धाडलं होतं तेव्हा काही काळ त्याचा मुक्काम जालन्यात होता. परत आग्र्याकडं जाताना १६०२ मध्ये वाटेत त्याचा खून झाला. औरंगजेबही या भागात येऊन-जाऊन असायचा. आणि मोगलांची श्रीमंत पेठ म्हटल्यावर तिच्यावर आणखी कुणाची नजर जाणार, हे मराठी माणसाला सांगायला नको.

नोव्हेंबर १६७९. मोगलांचा सरदार दिलेरखान विजापूरच्या मुलखात धुमाकूळ घालत होता, त्याला मागं ओढायचं म्हणून शिवाजी महाराज मोगली मुलखात खोल घुसले आणि जालन्यावर आले. चार दिवस पेठ लुटली गेली. ही महाराजांची शेवटची मोठी स्वारी. गावाच्या कडेला बागेत सय्यद जान महंमद या अवलियाचा मठ होता. महाराज अशा जागांना हात लावू देत नाहीत हे व्यापाऱ्यांना ठाऊक, म्हणून ते मालमत्ता घेऊन तिथं लपले. सैन्याला सुगावा लागला आणि माणसं मठात शिरली. अवलियानं शाप दिला आणि पाच महिन्यांत महाराज गेले, असं मोगली तवारिखकार लिहितो. ही गोष्ट समोरच्या बाजूच्या माणसानं लिहिलेली आहे, तेव्हा ती तशी वाचावी. मला त्यातलं खरं वाटतं ते एवढंच, की पेठेतला व्यापारी संकटात वेशीवर भरवसा ठेवत नव्हता. तो मठाकडं पळाला.

परतीच्या वाटेवर संगमनेरजवळ मोगली फौजेनं गाठलं, सिधोजी निंबाळकर पडले, आणि बहिर्जी नाईकानं आडवाटेनं महाराजांना पट्टागडावर पोचवलं. तिथं महाराज काही दिवस विसावले म्हणून तो विश्रामगड. अकोले तालुक्यातल्या त्या गडाला विश्रांतीचं नाव मिळालं ते जालन्याच्या दगदगीमुळं. आमच्या गावात मात्र या स्वारीची खूण दाखवा म्हणाल तर काही नाही.

खूण आहे ती त्याच्या ४६ वर्षांनंतरची. १७२४ मध्ये साखरखेर्ड्याच्या लढाईत जिंकून निजामुल्मुल्क आसफजाह दख्खनेत मोकळा झाला. त्याला औरंगाबादेपेक्षा जालन्याची हवा मानवायची. १७२५ मध्ये त्यानं काबिलखानाकडून गावाच्या पूर्वेला किल्ला आणि गढी बांधून घेतली. तोच मस्तगड. बांधणीचं साल सांगणारा फारसी शिलालेख गढीवर आहे, आणि आत एक प्रचंड विहीर आहे. नुसती विहीर नाही. तिच्या पोटात ओवऱ्या आहेत, दालनं आहेत. उन्हाळ्यात वर तोफा तापलेल्या आणि खाली पाण्याच्या अंगाला बसलेले साहेब, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढं येतं. पुढं याच गढीत नगरपालिकेची कचेरी आली. किल्ल्यात नगरपालिका बसवणं काहींना अपमान वाटतो. मला वाटत नाही. ज्या वास्तूत कारकून बसतो तिचं छप्पर कुणीतरी शाकारतं. जिच्यात कुणीच बसत नाही तिच्या दगडांची बैलगाडी भरते.

मध्येच एक परतूरची गोष्ट, आमच्याच जिल्ह्यातली. उदगीरला निजामाला हरवल्यावर पेशव्यांची बैठक पटदूरला झाली आणि मार्च १७६० मध्ये तिथूनच सदाशिवरावभाऊ उत्तरेकडं निघाले. पटदूर म्हणजे आपलं परतूर. पानिपताचा रस्ता सुरू होतो तो पुण्याच्या शनिवारवाड्यातून नाही, जालना जिल्ह्यातल्या एका रेल्वे स्टेशनच्या गावातून. परतूरला उतरलात तर कुणाला विचारून बघा.

त्या शतकात जालना कधी निजामाचं, कधी मराठ्यांचं. जुन्या जालन्यातलं आनंदी स्वामींचं मंदिर महादजी शिंद्यांनी बांधवलं असं सांगतात. आषाढी एकादशीला तिथं पंढरपूरच भरतं, गल्ल्यांतून मुंगी शिरायला जागा नसते. १८०३ मध्ये जालना शिंद्यांकडं होतं. इंग्रजांचा कर्नल स्टीव्हन्सन आला आणि २ सप्टेंबरला त्यानं किल्ला घेतला. तीनच आठवड्यांनी, २३ सप्टेंबरला, असईला वेलस्लीनं शिंदे-भोसल्यांच्या फौजेला गाठलं. असईही आता जालना जिल्ह्यातच. हाच वेलस्ली पुढं वेलिंग्टन झाला आणि वॉटर्लूला नेपोलियनला भारी पडला. पण आपली सगळ्यात चांगली लढाई कोणती असं विचारलं की म्हातारपणीही असईचं नाव घ्यायचा. विलायतेतल्या पुस्तकांत असई आहे. आमच्या एसटीच्या फलकावर ती शोधावी लागते.

लढाई संपली पण इंग्रज गेला नाही. १८२७ मध्ये जालन्यात छावणी पडली, हैदराबाद कंटिन्जंटची. घोडदळ, पायदळ, तोफखाना, तिन्ही. शिपाई इथले, अंमलदार गोरे आणि पगार निजामाच्या खिशातून. हाच पगार आणि कर्ज थकलं म्हणून १८५३ मध्ये निजामाला अख्खा वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावा लागला. अमरावती-अकोल्याकडच्या माणसाला मी गमतीनं म्हणतो, तुमचा वऱ्हाड आमच्या छावणीच्या पगारात गेला. पाऊणशे वर्षं छावणी नांदली आणि १९०३ मध्ये उठली. त्यांच्या कागदांत जालन्याचं नाव 'जौलना' असं पडलेलं आहे. राहिलं काय? 'सदर बाजार' हा शब्द. ज्या गावात सदर बाजार आहे तिथं कधीतरी गोऱ्यांची छावणी होती, असं बिनदिक्कत समजावं.

छावणीच्या आडोशानं आणखी एक माणूस आला, त्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं. नारायण शेषाद्री. जन्मानं ब्राह्मण, १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाले आणि पुढं मिशनचं काम घेऊन जालन्याला आले. निजामाचा दिवाण सालारजंग, त्याच्या सरकारकडून जमीन मिळवून त्यांनी गावाजवळ बेथेल नावाची वस्ती वसवली. मांग-महार कुटुंबांना शेत, घर, शाळा. धर्मांतराबद्दल ज्याचं जे मत असेल ते असो. ज्या माणसाला गावच्या पाणवठ्यावर घागर भरू देत नव्हते त्याला स्वतःच्या वस्तीत पाणी मिळालं, ही गोष्ट पाणी सोडणाऱ्यानं तरी नजरेआड करू नये.

१९०० च्या आसपास मनमाड-हैदराबाद मीटरगेज रेल्वे आली आणि काद्राबादचं नशीब फिरलं. छावणी गेली त्याच सुमारास कापूस आला, म्हणून गाव बसलं नाही. जिनिंग-प्रेसिंग, गाठी, सरकी, तेल, गुजराती-मारवाडी पेढ्या. 'जालना, सोन्याचा पालना' ही म्हण आम्ही जन्मापासून ऐकतो. पाळणा म्हणावं तर 'जालना'शी यमक जुळत नाही, म्हणून पालना. या व्यापाऱ्यांच्या हौसेतलं टिकलेलं काम म्हणजे धुळवडीचा हत्ती रिसाला. शंभरावर वर्षं झाली, धुळवडीला एक राजा सजतो, मिरवणूक निघते आणि राजा रेवड्या वाटत जातो. त्या दिवशी मी कधी वेळेवर पाणी सोडू शकलो नाही. वेळेवर कुणी मागितलंही नाही.

निजामाच्या राजवटीचा शेवट इथल्या म्हाताऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलेला. १३ सप्टेंबर १९४८ ला पोलीस कारवाई सुरू झाली, १५ तारखेला भारतीय फौज जालन्यात आली, १७ ला हैदराबाद शरण आलं. गुरख्यांची एक तुकडी गावात ठेवून बाकी फौज पुढं सरकली. आमची आजी सांगायची, बारक्या डोळ्यांचे शिपाई दारात बघून बाया आधी घाबरल्या, मग त्यांना भाकरी नेऊन दिल्या. मामा चौक आपण रोज म्हणतो तो हुतात्मा जनार्दन मामांच्या नावाचा. बाजूला पाणीपुरी खाणाऱ्या पोरांना वाटतं, कुणाच्या तरी मामाचं दुकान असेल. १७ सप्टेंबरला टाऊन हॉलच्या स्तंभापाशी झेंडा होतो, त्या सकाळी नाव निघतं. बाकी ३६४ दिवस तो नुसताच मामा.

बागांचं विचाराल तर गावाला दोनच आठवतात, गांधी चमन आणि मोतीबाग. चमन म्हणजे बागच. गांधींचं नाव मागून चिकटलं, चमन आधीचं. जुन्या जालन्याचा रिक्षावाला 'चमन' एवढंच म्हणतो. लहानपणी बाप तिथं घेऊन जायचा, हिरवळीवर बसायला मनाई होती आणि आम्ही तिथंच बसायचो. बाजूलाच बायकांचा सरकारी दवाखाना, त्यामुळं आज चमनच्या सावलीत बसलेली माणसं बहुतेक बाळंतिणीचे नातेवाईक असतात. डबा सोडून बसलेली, फोनवर "मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत" असं सांगणारी. बागेचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.

मोतीबाग मोती तलावाच्या कडेला. संध्याकाळी तिकडं लोक पोरं खेळवायला जातात, भेळ खातात, अनंत चतुर्दशीला याच तलावात गणपती सोडतात. ज्या पाण्यानं कधी गावाची तहान भागवली त्यात आता आम्ही वर्षातून एकदा शाडू नि प्लॅस्टर सोडतो. मी स्वतः ३० वर्षं घरचा गणपती तिथंच सोडला, म्हणून फार बोलत नाही.

पिण्याचं पाणी पुढं दुसरीकडून आलं. निजामाच्या राजवटीतच गावाच्या वरच्या अंगाला घाणेवाडीचा तलाव झाला. नाव घाणेवाडी, पाणी मात्र एके काळी आरशासारखं. त्याचीही तऱ्हा जमशेदखानाचीच, उतारानं येणारं पाणी. नवा जालना त्यावर जगला. माझ्या नोकरीतली सगळ्यात सुखाची वर्षं घाणेवाडीच्या लाइनवरची, कारण वीज गेली तरी पाणी यायचं. जुन्या जालन्याला आता गोदावरीचं पाणी आहे, पैठणच्या जायकवाडी धरणातून आणलेलं. त्याला पंप लागतात, विजेचं बिल लागतं आणि बिलापायी बैठका.

१ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला. औरंगाबादचे तालुके काढले, परभणीचं परतूर जोडलं. मी नोकरीत नवा होतो. साहेब लोक वाढले, बंगले वाढले, माझे व्हॉल्व्ह वाढले. कारखानदारीचं लोक लिहितात तेवढं पुष्कळ आहे, मी दोन ओळींत आटोपतो. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथं महिको काढली, संकरित बियाणं घरोघर पोचवलं, १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांच्यामागून बियाणांच्या कंपन्या आल्या आणि भंगार वितळवून सळई काढणाऱ्या भट्ट्या आल्या. पाळणा पुन्हा हलला. २०२३ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली.

पण २०१२-१३ चा दुष्काळ मी विसरत नाही. निवृत्तीचं ते पहिलं वर्ष. जालन्याची मोसंबी एवढी नावाजलेली की तिला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्या साली शेतकरी आपल्याच हातानं वाळलेली मोसंबीची झाडं तोडत होते. जुन्या गॅझेटिअरात लिहिलंय, जालन्याच्या बागांतली फळं हैदराबाद-मुंबईला जातात. म्हणजे ही फळबाग काल-परवाची नाही, शंभरावर वर्षांची सवय आहे. टँकरमागं धावणाऱ्या बायका बघून हात शिवशिवायचे, पण चावी फिरवून उपयोग काय, नळात काहीच नव्हतं. त्या सुमारास गावकऱ्यांनी घाणेवाडी जलसंरक्षण मंचाच्या खटपटीनं तलावातला गाळ उपसला, शेतकऱ्यांनी तो ट्रॅक्टरनं शेतात नेऊन टाकला. सरकारी माणूस असून सांगतो, माझ्या बघण्यात त्या तलावासाठी झालेलं सगळ्यात शहाणपणाचं काम ते होतं. पावसाळ्यानंतर तलाव भरला तेव्हा मी मुद्दाम बघायला गेलो, नातवाला घेऊन. तो म्हणाला, "आजोबा, हे सगळं नळातून येतं?" हो म्हणालो.

शेवटी एक कबुली द्यायची आहे, तिच्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. जुन्या जालन्यात एका गल्लीत लाइन बदलायची म्हणून चर खोदत होतो. आमचे मिस्त्री म्हातारे, दखनी बोलणारे. चार-साडेचार फुटांवर कुदळ खण्णकन वाजली. दगड समजून पोरानं आणखी दोन घाव घातले, आणि भाजलेल्या मातीचा तुकडा वर आला. गोल, आतून पोकळ, एका टोकाला निमुळता, म्हणजे दुसऱ्यात बसवायचा. आतल्या अंगाला पाण्याच्या क्षाराचा पांढरा थर. मिस्त्रींनी तो हातात घेऊन फिरवला, आतून बोट फिरवलं आणि म्हणाले, "अपने से पहले कोई नळ डालके गया इधर." मग बिडी पेटवली. मला तेव्हा ना जमशेदखान माहीत, ना सराईचा हौद. इतिहासाचे सर भेटायला अजून काही वर्षं होती. ठेकेदाराची गाडी मुरूम भरायला उभी होती. मीच तो तुकडा फावड्यानं उचलला आणि मुरुमात टाकला. त्या गाडीतला मुरूम कुठल्या रस्त्याखाली गेला ते मी नंतर शोधायचा प्रयत्न केला. नाही सापडला.

तो जमशेदखानाचाच नळ होता असं छातीठोक म्हणत नाही. कुणाच्या वाड्याचाही असेल. पण आता जुन्या जालन्यात घरं पाडून नवी बांधणं जोरात आहे, दर महिन्याला कुठंतरी पाया खणला जातोय. माझी त्या सगळ्या घरमालकांना, गवंड्यांना आणि जेसीबीवाल्यांना विनंती आहे. खोदताना मातीची नळी लागली तर मलब्याबरोबर देऊ नका. जागेवरच फोटो काढा, किती फुटांवर लागली आणि तोंड कुठल्या दिशेला होतं ते चुन्यानं भिंतीवर लिहून ठेवा, आणि जवळच्या शाळेतल्या इतिहासाच्या गुरुजींना बोलवा. तोंड पश्चिमेला, मोती तलावाकडं असेल, तर मलाही कळवा. चमनजवळ कुणालाही 'वॉलमन काका' विचारा, घर दाखवतील.